आंबेमोहर मुळशीचाच हवा का?

प्रश्न : मंडईत ‘मुळशीचा आंबेमोहर’ म्हणून जास्त दर लावतात. तांदळाला गावाची चव खरंच असते, की सगळी नावाची किंमत? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : असते, पण आधी वाण, मग हवा. आंबेमोहराचा वास २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन या द्रव्याचा, बासमतीचाही तोच. तो गुण बियाण्यातच लागतो. बिनवासाचं वाण मुळशीच्या खाचरात लावलं तरी घमघमणार नाही. वडगाव मावळला तयार झालेल्या इंद्रायणीला वास आहे, कारण तिचं एक मूळ आंबेमोहरच आहे.

जागेचं काम त्यानंतरचं. दाणा भरताना रात्री गार असतील तर वास चांगला धरतो. आंबेमोहर उशिरा निसवतो, म्हणजे त्याच्या लोंब्या उशिरा बाहेर पडतात, तेव्हा मुळशी खोऱ्यात गारवा आलेला असतो. तेच बी उष्ण भागात लावलं की वास उणा पडतो. २०१६ साली मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आम्हाला रास्त वाटतं.

घरी पडताळा घ्यायचा तर दोन्ही तांदूळ आंबेमोहरच हवेत, एक मुळशीचा, एक बाहेरचा, आणि एकाच हंगामाचे. साठवणीत वास उडत जातो, म्हणून जुना मुळशीचा नव्या परक्यापुढे हरेल. इंद्रायणीशी तुलना केलीत तर कळेल तो वाणातला फरक, गावातला नव्हे. प्रत्येकी एक वाटी तांदूळ दोनदा धुऊन, दोन वाट्या पाण्यात, एकाच कुकरमध्ये दोन सारख्या भांड्यांत शिजवा. तीन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्या. मीठ, तूप, वरण काही नको. मग सहा जणांना प्रत्येकी तीन वाट्या द्या : दोनमध्ये एकच भात, तिसरीत दुसरा. वेगळी कोणती, एवढंच विचारा. नुसत्या अंदाजानेही सहांतले दोघे बरोबर येतात. पाच आले तर फरक खरा मानावा. वाट्यांचा क्रम दर वेळी बदला, आणि कोणत्या वाटीत काय हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसू द्या, त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर फुटतं. एक भात निवला तरी चाचणी फसते, गरम भाताचा वास जास्त येतो.

प्रश्न : टँकरचं पाणी आलं की चहा बेचव लागतो आणि वर तवंग येतो. पत्ती खराब आहे का? — एक वाचक, वाघोली

उत्तर : पत्तीचा दोष नसावा. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, म्हणून जड असतं. त्यातला कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळून तवंग धरतो, रंगही मळकट येतो. पाणी पाच-सात मिनिटं खळखळ उकळून निवू द्या, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचंच पाणी चहाला घ्या. तरीही तवंग आला तर तो जडपणा उकळून जाणारा नाही. चहापुरतं आरओ फिल्टरचं पाणी वापरा, साध्या फिल्टरने जडपणा जात नाही.