वाचकांचे प्रश्न : तरवडीचे संपादक आणि त्यांची ओवी

प्रश्न : घरातील जुन्या कागदपत्रांत ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचे काही अंक निघाले. त्याचे संपादक मुकुंदराव पाटील कविताही लिहीत असत, असे समजते; पण पाठ्यपुस्तकांत त्यांची कविता मला कधी भेटली नाही. त्यांना कवी म्हणावे, की पद्यातून प्रचार करणारे संपादक?
– एक वाचक, नेवासे तालुका

उत्तर : ते अंक जपून ठेवा, वाळवीपासून तर नक्कीच. मुकुंदराव (१८८५–१९६७) हे कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचे ‘दीनबंधु’ हे पत्र भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते आणि पैशाअभावी ते चालवणे त्यांना अशक्य झाले, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत हाती घेतले. मुकुंदराव पाटील घराण्यात दत्तक गेले. गणपतराव पाटलांनी पूर्वी काढलेले आणि बंद पडलेले ‘दीनमित्र’ त्यांनी १९१० मध्ये पुन्हा उभे केले आणि ते मुख्यतः तुमच्याच तालुक्यातील तरवडी या खेड्यातून अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ वर्षे चालवले.

खेड्यातून पत्र काढायचे म्हणजे कागद, शाई आणि छपाईचे खिळे शहरातून आणायचे, ते जुळवणारा जुळारी मिळवायचा, टपालाची वेळ सांभाळायची आणि थकलेल्या वर्गणीसाठी अंकातूनच तगादा लावायचा. पुण्यातील ‘विजयी मराठा’ किंवा बडोद्याची ‘जागृती’ यांना निदान शहराचा आधार होता. शिवाय ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती; एकाने वाचायचे आणि पारावर बसलेल्या इतरांनी ऐकायचे, हीच अशा पत्राची खरी वाचकसंख्या. माझ्या मते मुकुंदरावांच्या कवितेचे कोडे इथेच सुटते. त्यांना श्रोता डोळ्यांपुढे ठेवून लिहायचे होते, आणि त्या श्रोत्याच्या कानाला ज्या रचनेची सवय होती ती म्हणजे पोथीची ओवी.

१९१३ साली त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ आले. श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’ (१७१८) घरोघरी वाचले जाई. त्याच थाटात मुकुंदरावांनी गावच्या कुलकर्ण्याच्या, म्हणजे गावाचा हिशेब व दप्तर ठेवणाऱ्या वतनदाराच्या, ‘लीला’ सांगितल्या. सावकारावरील ‘शेटजी प्रताप’ हे नावही श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’ची आठवण करून देते. श्रावणात अध्याय ऐकणाऱ्या शेतकऱ्याला इथे देवाऐवजी दप्तर बगलेत मारलेला कुलकर्णी भेटतो. शेतसाऱ्याचा हिशेब, जमिनीची नोंद आणि पावती ही सारी त्याच्या लेखणीत, तीही मोडी लिपीत. ज्याला ती वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा आणि त्यावर काय लिहिले आहे ते त्याच्याकडूनच ऐकायचे. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड चरण, या ओवीच्या ठेवणीत अशी हकिगत सांगितली की शेवटच्या आखूड चरणाला टोला बसतो आणि ऐकणारा हसतो. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी ओवीत गीतार्थ सांगितला, त्याच तालुक्यातील माणसाने ती ओवी गावच्या जमाखर्चाला लावली, याचे मला फार कौतुक वाटते.

सत्यशोधकांत पद्याची ही रीत जुनीच होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला होता आणि पुढे अभंगांच्या धर्तीवरचे ‘अखंड’ही रचले. त्या रांगेत मुकुंदरावांना ठेवले की ‘कवी की प्रचारक’ हा प्रश्न थोडा सैल होतो. केशवसुतांनंतरच्या आत्मपर भावकवितेची कसोटी त्यांना लावली, तर ते नापास होतील, कारण स्वतःच्या मनाविषयी ते या रचनांत जवळजवळ बोलतच नाहीत. प्रतिमांचे नवेपणही तिथे शोधू नये. परंतु विडंबनासाठी पोथीचा घाट निवडणे आणि तो अध्याय-अध्याय निभावणे याला कारागिरी लागते, आणि ती त्यांच्यापाशी होती. पाठ्यपुस्तकांनी त्यांना वगळले याला विषयाची अडचण जितकी कारणीभूत आहे, तितकीच आपली कवितेची तोकडी व्याख्याही आहे.

प्रश्न : ‘कुलकर्णी लीलामृता’मुळेच कुलकर्णी वतन गेले, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय? आणि हे काव्य एका जातीची निंदा करते, असे म्हणता येईल काय?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पहिला दावा अतिशयोक्त आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन, म्हणजे हे वंशपरंपरागत पद, बंद करून पगारी तलाठी नेमले, हे खरे. मुंबई राज्यात मात्र परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, म्हणजे या काव्यानंतर ३७ वर्षांनी आलेला. महसूल व्यवस्था एका पुस्तकाने हलत नसते. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच गाऱ्हाणे १८८३ च्या सुमारास मांडले होते आणि कुलकर्ण्याविरुद्धच्या तक्रारी गावोगाव होत्याच. मुकुंदरावांनी त्या तक्रारींना पाठ होईल असे रूप दिले, एवढे श्रेय पुरेसे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. रोख वतनदारीवर आहे, पण वतन बहुधा ब्राह्मणांकडे असल्याने आणि लेखकाची भूमिका उघड ब्राह्मणेतर असल्याने फटका जातीलाही बसतो, आणि उपहासाच्या भरात प्रामाणिक कुलकर्ण्यालाही त्यात जागा उरत नाही. हा दोष मी झाकणार नाही. मात्र ‘शेटजी प्रताप’ सोबत ठेवून वाचा. तिथे तोच आसूड सावकारावर उगारलेला दिसेल आणि लेखकाचे भांडण शेतकऱ्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाशी होते, हे तुमच्या ध्यानात येईल.