पात्रांव, आज कितें आसा?

प्रश्न: बदली होऊन ऑगस्टमध्ये गोव्यात म्हापशाजवळ राहायला आलो. घरामागे चार टेबलांचा एक बार आहे. मेनूकार्ड नाही. ‘उर्राक द्या’ म्हटलं तर मालक नुसता हसला. फेणीच्या वासानं पोटात ढवळतं. मग तिथं जाऊन मागवायचं काय? बायको आणि १९ वर्षांचा भाचा बरोबर आले तर चालेल का?
– एक वाचक

उत्तर: मालक हसला म्हणजे तुमची ओळख झाली असं समजा. उर्राक काजूच्या हंगामाची, साधारण फेब्रुवारी ते मे. बोंडूंचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्यांदा उतरते ती उर्राक, आणि तीच परत भट्टीतून काढली की फेणी. उर्राक फार टिकत नाही. पावसात कुणी बाटली पुढे केली तर मी तरी हात लावणार नाही. मार्चमध्ये जा. तेव्हा लिम्का, लिंबू, चिमूट मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घ्या. मिरचीला नाही म्हणू नका.

फेणी चांगली कडक, ४२ टक्क्यांच्या आसपास. ग्लास नाकाशी नेऊन हुंगत बसलात तर ढवळणारच. छोटा पेग, भरपूर सोडा, लिंबू, मीठ. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती तुम्हाला आवडलीच पाहिजे असं नाही. माडाची मिळाली तर चाखून बघा. तीही नको तर बिअर घ्या, कुणी नाव ठेवणार नाही.

पण अशा बारात जायचं ते खाण्यासाठी. मेनूकार्ड नाही कारण सकाळी बाजारात मिळालं तेच कढईत पडतं. बसल्याबसल्या विचारायचं, ‘पात्रांव, आज कितें आसा?’ म्हणजे ‘मालक, आज काय आहे?’ १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते. त्या दिवसांत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर पुढे येते, खोबरं-कांदा-चिंच लावलेली, आणि ती फेणीबरोबर ताज्या मासळीपेक्षा सरस लागते हे माझं ठाम मत. आता बंदी उठली आहे, तेव्हा माणक्यांची (माकुलांची) चिली फ्राय मागा, रव्यातली मांदेली मागा. डुक्कर चालत असेल तर चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. दोऱ्यात ओवलेले ते लाल मणी सोडवून तव्यावर टाकले की त्यांचीच चरबी सुटते. मग थोडं पाणी, उभा कांदा, बस्स. मीठ, मिरची, व्हिनेगर सगळं आतच भरलेलं असतं. वरून मीठ मागितलंत तर मालकीण डोळे वटारील. रस पुसायला पोई (गोव्याची गव्हाची पोकळ भाकरीसारखी पावरोटी) किंवा पाव जास्तीचा सांगून ठेवा.

वेळ सांभाळा. जेवणाआधी गेलात तर उत्तम. दुपारी बरेचसे बार दार ओढून घेतात ते संध्याकाळीच उघडतात. मालक झोपेत असताना दार वाजवणाऱ्याला इथं माफी नाही.

बायकोला खुशाल न्या. कित्येक बार बायकाच चालवतात. पहिल्या खेपेला रविवारी जेवणाआधीची दुपार गाठा, तेव्हा कुटुंबं असतात. भाच्याचं मात्र सोपं नाही: गोव्यात दारूसाठी वय २१ लागतं, आणि शेजारचा मालक तुमच्यासाठी लायसन्स पणाला लावणार नाही. त्याला लिंबू-सोडा सांगा. चोरीस पाव त्याच्याही वाट्याला येऊ द्या, तुमच्यापेक्षा जास्तच खाईल.