सिडनीच्या छोट्या बुशलँड रिझर्वमध्ये फोन शून्य मीटर दाखवतो, तरी जिओकॅश (कुणीतरी लपवलेला, जीपीएसने शोधायचा डबा) सापडत नाही. काय चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाही. दाट निलगिरीखाली फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज इकडेतिकडे होतं. डबा ठेवणाऱ्याचंही तेवढंच झालेलं असू शकतं. दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेला गेल्या तर डबा वीस मीटरवर निघतो. म्हणून शेवटच्या दहा मीटरला बाणाच्या मागे फिरू नका. फोन दोन मिनिटं स्थिर धरा, आकडा स्थिरावू द्या आणि मग खिशात टाका.

निघण्याआधी ॲपवर डब्याचा आकार पाहा. मायक्रो म्हणजे १०० मिलिलिटरहून लहान, जुन्या फिल्मच्या डबीएवढा. स्मॉल एक लिटरपर्यंत. हिंट उघडाच, त्यात कमीपणा नाही. टेरेनचा आकडा (वाट किती अवघड ते सांगणारा) दीड-दोन असेल तर डबा बहुधा पायवाटेजवळच असणार, झुडपं तुडवायची गरज नाही. शेवटच्या तीन-चार नोंदी 'सापडला नाही' अशा असतील तर तो बहुतेक गायब झालाय.

तिथे गेल्यावर निसर्ग जे करत नाही ते शोधा: एकाच दिशेला नीट रचलेल्या काड्या, पोकळ ओंडक्याच्या तोंडाशी अडकवलेला दगड, सालीचा उपरा तुकडा. पोकळीत उघडा हात मात्र कधीच घालू नका. सिडनीत फनेल-वेब हा विषारी कोळी आहे, तेव्हा आधी टॉर्च, मग काठी. घरी आल्यावर केसांत आणि कानामागे गोचीड पाहा. सापडली तर चिमटीत दाबू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फ्रीझ स्प्रेने ती जागच्या जागी मारतात.

सिडनीतल्या नॉर्थ राइडचं वॉलुमाट्टा हे रिझर्व घ्या. टर्पेंटाइन आणि आयर्नबार्क या झाडांचं हे रान जेमतेम सहा हेक्टर उरलंय. अशा तुकड्यात बुटांच्या चिखलातून फायटोफ्थोरा हा मातीतला रोगजंतू आला तर मुळं कुजून झाडं मरतात. आत जाताना आणि बाहेर येताना तळवे ब्रशने घासा, मग सत्तर टक्के मिथिलेटेड स्पिरिट फवारा. चिखल तसाच ठेवून नुसतं फवारण्याचा उपयोग नाही.

डब्यातल्या कागदावर नाव लिहायला पेन्सिल न्या, दमट कागदावर पेन उठत नाही. डबा होता तसाच झाका, 'आणखी चांगला' लपवू नका. पुढच्याचे हाल होतात. स्वतःचा ठेवायचा असेल तर आधी कौन्सिल किंवा नॅशनल पार्क्सची परवानगी घ्या. जमिनीत पुरायचा नाही, आणि दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं.