क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे मी सुटले ना?

रिपोर्ट टेबलावर ठेवताना तिनं एका ओळीवर अंगठा दाबून धरला होता. वय 31. धाकट्या भावाचं डायलिसिस चालू, निदान अल्पोर्ट सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी बिघडवणारा आनुवंशिक आजार. "क्रिएटिनिन 0.8 आलंय. म्हणजे मी सुटले ना? तसाही हा आजार पुरुषांनाच होतो म्हणतात."

भावंडं येतात तेव्हा हा प्रश्न ठरलेला. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडानं रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; पण मूत्रपिंडाचं जवळजवळ निम्मं काम मंदावेपर्यंत त्याचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. आणि या घरातला दोष एक्स गुणसूत्रावरचा. एका एक्सवर तो असलेल्या बायकांना त्रास बहुधा उशिरा आणि कमी होतो; होतच नाही असं नाही.

"अंगठा काढा बघू."

लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 62. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, लघवीत ते दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत हवं. "मग माझंही डायलिसिसच?" क्षणापूर्वी सुटलेली बाई क्षणात अडकली!

नमुना कधी दिला होता, ते विचारलं. दुपारी, जिममधून थेट लॅबमध्ये. दमवणारा व्यायाम, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी, कशानंही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून सकाळची पहिली लघवी पुन्हा तपासायची. तीन महिन्यांतल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले, तरच ती वाढ खरी धरायची.

मग तिनं मोबाइल पुढे केला. 'एनगॅल', 'किम-1' अशा प्रथिनांच्या तपासणीचं महागडं पॅकेज. ही प्रथिनं मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांना इजा झाली की वाढतात. अल्पोर्टमध्ये आधी बिघडते ती गाळणी, तिच्या पडद्यातलं कोलॅजन कच्चं असतं. त्यातून आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तपेशी निसटतात, मग अल्ब्युमिन. तिचे पैसे मी वाचवले, आणि त्याचं मला बरंच वाटतं. (घरात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार असता, तर मी प्रथिनांच्या आधी सोनोग्राफीच सांगितली असती.)

दोष आलाय की नाही, हे मात्र कुठलंच प्रथिन सांगत नाही. त्याला जनुक तपासणी लागते. भावात सापडलेला बदल माहीत होता, त्यामुळे तिच्यात नेमका तोच शोधायचा होता.

सकाळचे दोन नमुने 44 आणि 51 आले. जनुकातला बदलही तोच निघाला. ती रडली, मी थांबले. मग औषधाचं बोललो. रक्तदाबासाठी वापरतात त्यातल्याच एका गटाच्या गोळ्या गाळणीवरचा ताण कमी करतात, झीज लांबवतात. पण गरोदरपणात चालत नाहीत. त्यामुळे मूल हवं असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना ते आधी सांगायचं.

उठता उठता मी विचारलं, "आईची लघवी कधी तपासलीत?"

"आईची? तिला काय झालंय?"

दोन्ही मुलांत तोच बदल, म्हणजे तो बहुतेक आईकडूनच आलेला. पुढच्या खेपेला आई सोबत आल्या, "मुलाचं बघा हो, माझं कशाला" असं पुटपुटत. त्यांचा आकडा 340 होता.