बाळाच्या शिक्षणाची पॉलिसी आहे, बाळासाठी पैसे नाहीत

प्रश्न : सर, आम्ही नाशिकला राहतो. माझं वय ४०, पत्नीचं ३७. तीन वेळा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करून झालं, उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवलं आहे. पुण्यातल्या एका सेंटरने एका सायकलचे, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचे, १ लाख ९० हजार आणि तीन सायकलच्या ‘रिफंड गॅरंटी’ पॅकेजचे ६ लाख सांगितले. यश ८० टक्के म्हणतात. दोघांचा मिळून पगार हातात ९५ हजार, घराचा हप्ता २८ हजार, कर्ज बाकी ३२ लाख. बाळाच्या शिक्षणासाठी दोन वर्षांपूर्वी चाइल्ड प्लॅन घेतला, महिना १२,५०० रुपये, १२ वर्षं भरायचा. बाळंतपण, बारसं यासाठी ५ लाखांची एफडी वेगळी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. महिना २५ हजार उरतात. दोन वर्षांत ६ लाख जमवून पॅकेज घ्यावं म्हणतो. जुळं झालं तर एकाच खर्चात काम होईल. कोणत्या फंडात एसआयपी करू?

उत्तर : फंडाचं आधी उरकून टाकू. २५ हजार गुणिले २४ म्हणजे ६ लाख. आरडीत ६ लाख ४० हजारांच्या आसपास होतील. इक्विटी फंडाने १२ टक्के दिले तर पावणेसात लाख, आणि बाजार पडला तर मुद्दलातूनच लाखभर कमी. तीस-पस्तीस हजारांच्या फरकासाठी दोन वर्षांच्या पैशावर ही जोखीम कोणी घेऊ नये. आरडी करा. किंवा खरं सांगायचं तर तीही करू नका, कारण हे दोन वर्षं थांबणंच तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही.

ब्रिटनमध्ये एचएफईए नावाची सरकारी नियामक संस्था प्रत्येक सेंटरकडून हिशेब घेते. तिच्या २०१९ च्या आकड्यांत, स्वतःचं स्त्रीबीज वापरून गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल जन्माला येण्याचं प्रमाण ३५ ते ३७ वयात साधारण २५ टक्के, ३८-३९ ला १९ आणि ४० ते ४२ ला ११ होतं. ढोबळ गुणाकार करा. तीन वेळा एकेक भ्रूण सोडलं तर आज शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, दोन वर्षांनी निम्म्याच्या आत. तिसरी सायकल चाळिशीत गेली की आणखी खाली. तुमच्या पत्नीचा आकडा यापेक्षा बरा किंवा वाईट असेल, ते एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्तचाचणी) आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टर सांगतील. पण दिशा बदलत नाही. आरडीचं व्याज ४० हजार, आणि त्यासाठी हे घालवायचं?

आता ती ८० टक्क्यांची गोष्ट. कशाचे ८०? दर सायकलमागे, दर भ्रूणामागे, की तीन सायकल पूर्ण केलेल्यांमागे? ‘यश’ म्हणजे बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्तचाचणी पॉझिटिव्ह, की बाळ घरी आलं? पॅकेजच्या कागदावर रिफंडची अट शोधा. बऱ्याचदा एकदा गर्भ राहिल्याचा रिपोर्ट आला की गॅरंटी संपते, मग आठव्या आठवड्यात गर्भपात झाला तरी. इंजेक्शनं, भ्रूण गोठवणं, भूल हे बहुधा पॅकेजबाहेर. आणि पहिल्याच सायकलमध्ये दिवस राहिले तर दोन लाखांच्या कामाचे तुम्ही सहा लाख मोजलेले असतात. ही गॅरंटी नव्हे, विमा आहे, आणि त्याचा हप्ता सेंटरने स्वतःच्या सोयीने ठरवलाय.

जुळ्यांचा हिशेब तर पूर्ण उलटा आहे. जुळी बाळं वेळेआधी जन्माला येण्याचा धोका बराच जास्त, आणि खाजगी एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल दिवसाला दहा-पंधरा हजार सहज होतं. दोन बाळं, तीन आठवडे : चार-सहा लाख. आईच्या तब्येतीला धोका वेगळाच. बेल्जियमने २००३ मध्ये हाच हिशेब मांडला. ४३ वर्षांखालच्या स्त्रीच्या सहा सायकलचा प्रयोगशाळेचा खर्च सरकार देईल, पण तरुण स्त्रियांना पहिल्या खेपेला एकच भ्रूण सोडायचं. जुळ्यांच्या एनआयसीयूवर वाचलेल्या पैशांतून हा खर्च निघेल, हा त्यामागचा हिशेब. इस्रायलमध्ये तर ४५ वयापर्यंत, दोन मुलं होईपर्यंत उपचार सरकारी खर्चाने. आपल्याकडे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) २०२३ पासून मोफत सोय सुरू झाली, पण नाशिककराला बहुधा स्वतःचाच खिसा. मेडिक्लेमवरही आशा ठेवू नका, वंध्यत्वावरचे उपचार हे विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक अपवादांत १७ व्या क्रमांकावर आहेत. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मात्र कधी कधी वेगळी तरतूद असते. एचआरला मेल टाका, फुकट आहे.

बरं, पैसे. ते तुमच्याकडे आहेत. बारशासाठी ५ लाख, बारावीनंतरच्या शिक्षणासाठी वर्षाला दीड लाख, आणि मूल होण्यासाठी शून्य, अशी वाटणी तुम्ही केली आहे. चाइल्ड प्लॅन विकणाऱ्याने, मूल अजून व्हायचंय हे माहीत असताना, तुमच्या भावनेवर कमिशन कमावलं. त्यात विमा मिळाला १५ लाखांचा, डोक्यावर कर्ज ३२ लाखांचं, आणि परतावा पाच-साडेपाच टक्के. ३ लाख भरून झालेत. सरेंडर केल्यावर, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यावर, लाखभर हातात आले तरी घ्या आणि सुटा. उरलेले १५ लाख भरायचे वाचतील. त्याआधी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) घ्या, वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

एफडी मोडा. दंड आणि व्याजातली घट धरून पाचेक हजारांचा फटका. त्यातून पहिल्या सायकलला इंजेक्शनं आणि तपासण्या धरून पावणेतीन लाख ठेवा. उरलेले सव्वादोन लाख तुमचा आणीबाणीचा पैसा. महिन्याचे २५ अधिक सुटलेले साडेबारा म्हणजे साडेसदतीस हजार. सहा महिन्यांत दुसऱ्या सायकलचे बहुतेक पैसे उभे, सरेंडरचा लाख वेगळा. पर्सनल लोन नको, पॅकेज नको. पहिल्या एग पिकअपमधून (स्त्रीबीजं बाहेर काढणं) जास्तीचे भ्रूण गोठवता आले तर पुढची ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, पूर्ण सायकलपेक्षा बरीच स्वस्त पडते. म्हणून गोठवण्याचा वार्षिक आकार आजच लिहून घ्या. ‘स्क्रॅचिंग’ (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं) यासारखे जोडधंदे नाकारा. त्याचा फायदा नसल्याचं मोठ्या चाचणीत २०१९ लाच दिसलंय. दोन एग पिकअपनंतर थांबून पुन्हा हिशेब मांडायचा, हे आजच दोघांनी ठरवा. तिसऱ्या वेळी दागिने गहाण टाकणारे मी बरेच पाहतो.

जाता जाता. पत्रासोबतचे सगळे रिपोर्ट पत्नीचे आहेत, तुमचा एकही नाही. वीर्यतपासणीला काही शे ते हजार-दीड हजार रुपये लागतात. या सगळ्या यादीत याहून स्वस्त काही नाही. सेंटर एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) नोंदलेलं आहे का, तो क्रमांकही मागा. २०२२ पासून नोंदणी सक्तीची आहे.

चाइल्ड प्लॅनचा हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर टर्म इन्शुरन्स मिळाल्याबरोबर बँकेत मँडेट रद्द करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. एजंटला फोन नंतर करा. आधी केलात तर तो घरी येईल.