पहिलं पिस्तूल घेताना

आधी एक गोष्ट नक्की कर: ग्रीन कार्ड हातात आलंय ना? अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने सहसा मनाई आहे. टेक्सासने २०२१ पासून परवान्याशिवाय कॅरी करायची, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगून फिरायची मोकळीक दिली, तरी ती मनाई उठलेली नाही.

कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर, फार डोकं शिणवू नकोस, ९ एमएम घे. .४५ ची गोळी मोठी, पण धक्का जास्त, मॅगझिनमध्ये गोळ्या कमी आणि सरावाचा खर्चही वाढतो. एफबीआयसुद्धा .४० सोडून ९ एमएमकडे परतली.

आकाराबाबत मात्र वेळ घे. सगळ्यात छोटं पिस्तूल खिशात लपतं खरं, पण करंगळीला पकड मिळत नाही आणि प्रत्येक गोळीनंतर नेम हलतो. नेमबाजीच्या रेंजवर मध्यम आकाराचं ग्लॉक १९ आणि त्याहून छोटं सिग पी३६५ दोन्ही भाड्याने घेऊन चालवून बघ. ग्लॉकवर सगळी बोटं नीट बसतात, पण टी-शर्टखाली त्याची मूठच उठून दिसते. नळीच्या लांबीचा तेवढा त्रास होत नाही. कुठल्या पिस्तुलाने तुझ्या गोळ्या जवळजवळ पडतात ते टार्गेटच्या कागदावर दिसेल, तेच खरं मान.

होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं कव्हर, स्वस्तातलं अजिबात नको. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं घे, सोबत जाड पट्टा. घरात लहान मुलं आहेत, तेव्हा अंगावर नसलेलं पिस्तूल कुलपातच राहिलं पाहिजे; यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. कॅरीसाठी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या गोळ्या वापर, पण त्या तुझ्या पिस्तुलात अडकत नाहीत ना, हे आधी रेंजवर दोन-तीन मॅगझिन झाडून तपास.