'गायनार्की'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुमच्या भाषांतरात 'गायनार्की' शब्द आलाय, डिक्शनरीत नुसतं 'स्त्रियांचे शासन' दिलंय, आणि तिथे मातृसत्ता लिहू, स्त्रीराज्य लिहू की महिलाराज, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात एका पेपरच्या डेस्कवर २५ वर्षं काढली, हे तिन्ही शब्द कितीदा तरी हाताखालून गेले, म्हणून जरा लांबच लिहितो.

ग्रीकमधे 'गुने' म्हणजे बाई, 'आर्खे' म्हणजे सत्ता. आईचा इथे काही संबंध नाही, म्हणून मातृसत्ता नको, तो मॅट्रिआर्कीसाठी ठेवा. आणि मातृवंश तर अजूनच वेगळा. मेघालयातल्या खासी लोकांत कूळ आईकडून चालतं, घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं, पण मोठ्या गोष्टीत मामाचा शब्द चालतो आणि त्यांचा पारंपरिक प्रमुख, ज्याला सियेम म्हणतात, तो पुरुषच असतो. कोणी त्याला बायकांचं राज्य म्हणत असेल तर ते चूक आहे.

स्त्रीराज्य हा शब्द मला फार आवडतो पण तो जपून वापरायचा. ज्यांच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी लागते त्यांना माहीतच आहे, मच्छिंद्रनाथ मैनाकिनीच्या स्त्रीराज्यात रमतात आणि गोरक्षनाथ मृदंगातून 'चलो मच्छिंदर गोरख आया' वाजवून त्यांना बाहेर काढतात. म्हणजे मराठी कानाला स्त्रीराज्य म्हटलं की दूरचा, मायेचा, पुरुष अडकून पडतो असा मुलूख ऐकू येतो. आणि महाभारताच्या शांतिपर्वात स्वयंवराला आलेल्या राजांच्या यादीत 'स्त्रीराज्याधिपती' म्हणून जो येतो तो सृगाल नावाचा राजा, म्हणजे पुरुष! तेव्हा पुराणकथा किंवा कल्पनेतला देश असेल तर स्त्रीराज्य बिनधास्त लिहा, खऱ्या राजवटीला नको.

दुसरं असं की बायकांच्या सत्तेसाठीचे शब्द बरेचदा ती सत्ता नको असलेल्यांच्याच तोंडी सापडतात. १५५८ मधे स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स यानं राज्य करणाऱ्या बायकांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ आली. आपल्याकडेही सुभाषित आहेच, 'स्त्रीनायका विनश्यन्ति नश्यन्ति शिशुनायकाः', म्हणजे बाई पुढारी असली की नाश आणि पोर पुढारी असलं की नाश, दोघं एकाच ओळीत बसवले. म्हणून मूळ मजकूर कोण बोलतंय ते आधी बघा, टीकाकार बोलत असेल तर त्याची धार मराठीतही यायला पाहिजे.

आपल्या नागपूरचंच घ्या. इथले भोसले राजे दुसरे रघूजी, त्यांची विधवा बाकाबाई. १८१८ ला इंग्रजांनी तेव्हाचे राजे आप्पासाहेब यांना काढून लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं, पालक म्हणून बाकाबाई, पण खरा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्सच्या हातात. १८५३ ला तिसरे रघूजी वारले आणि १८५४ ला डलहौसीनं राज्य खालसा केलं. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभं राहून बघा, काळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीनं नेतात तो बाईचा मोठा पुतळा, गल्लीतून निघते, गर्दी 'घेऊन जा गे मारबत' ओरडते, लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून तेच ओरडतात, आणि शेजारचा माणूस सांगतो की ही बाकाबाई, इंग्रजांना मिळाली होती. दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी मला वाईट वाटतं, कारण जिच्या हातात धड सत्ताच नव्हती तिला राज्य बुडाल्याचा सगळा दोष लागला. याला गायनार्की म्हणता येत नाही, फार तर बाईच्या नावानं चाललेला कारभार.

अहिल्याबाईंचं १७६७ ते १७९५ पण नाही, ती एका थोर राज्यकर्तीची कारकीर्द, त्यांच्याआधी नि नंतर गादीवर पुरुषच. शब्दाच्या जवळ जाणारं उदाहरण हवं तर भोपाळ. कुदसिया, सिकंदर, शाहजहान, सुलतान जहान, १८१९ पासून १९२६ पर्यंत आईकडून मुलीकडे असा चार बेगमांचा कारभार, मधे काही वर्षं सिकंदर बेगमच्या नवऱ्याकडे होता तेवढी सोडून. इथे शब्द शोभतो.

राहिला महिलाराज. हा पेपरवाल्यांचा शब्द, मीही वापरलाय. २०११ मधे आपल्या राज्यात पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण झालं, त्यानंतरच्या एका निवडणुकीत जिल्ह्यातल्या एका गावात नऊच्या नऊ जागांवर बायका आल्या आणि मी हेडिंग दिलं, 'ग्रामपंचायतीवर महिलाराज'. दुसऱ्या दिवशी सरपंच बाईंचा ऑफिसात फोन. रागावल्या नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, बायकांना आरक्षणच नव्हतं तवा नऊच्या नऊ माणसं असायची, तवा तुम्ही पुरुषराज काहून नाही छापलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी तो शब्द हेडिंगमधे घेतला नाही, ज्युनियर पोरांनी दिला तर बदलून घेतला.

तर माझं मत, 'स्त्रीसत्ता' लिहा, विशेषण 'स्त्रीसत्ताक'. 'भोपाळमधे शंभर वर्षं स्त्रीसत्ता होती', वाचणाऱ्याला अडत नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'स्त्रीसत्ता, म्हणजे राज्यकारभारच बायकांच्या हाती असणं' एवढं जोडा, पुढे नुसता शब्द पुरे. आणि तुमचं ते मूळ वाक्य इथे टाकाल का, बोलणारा कोण आहे ते कळलं की नेमकं सांगतो.